राईचा जमाखर्च

(देवळाच्या जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त सभामंडपात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रामदेवतेच्या देवळाचे काम पुरे झाले, कळस चढला, ही सर्वांना धन्यता वाटावी अशी गोष्ट आहे. कोणी रोख रक्कम दिली, कोणी चिऱ्यांची गाडी दिली, कोणी सुट्टी काढून अंगमेहनत केली. त्या प्रत्येकाची नोंद समितीच्या वहीत आहे आणि देणगीदारांची यादी स्मरणिकेत छापली जाणार आहे. देवाच्या पैशाचा हिशेब चोख ठेवावा, ही गावाची जुनी रीत आहे आणि ती चांगली आहे.

देवळाच्या पाठीशी देवीची राई आहे. देऊळ जितके गावाचे, तितकीच राईही गावाची. जीर्णोद्धाराच्या कामात चिरे उतरवायला, वाळू टाकायला आणि गाड्या फिरवायला राईच्या कडेची जागा वापरावी लागली व ती उघडी पडली. तेथे पुन्हा झाडे उभी करण्याचा संकल्प समितीने सोडला आहे. काही देणगीदारांनी त्यासाठी वेगळी रक्कमही काढून ठेवली आहे. तेव्हा एक प्रश्न आजच विचारून ठेवणे अगत्याचे आहे. पाच-दहा वर्षांनी राई पुन्हा भरू लागली की नाही, हे गावाने ओळखायचे कशावरून?

बहुतेक ठिकाणी याचे उत्तर एकच असते. अमुक रोपे लावली, त्यांतली अमुक जगली. ही संख्या खोटी नसते, पण ती खर्चाची बाजू आहे. माणसाने काय घातले ते तीवरून कळते; राईने काय कमावले ते कळत नाही. जमेची बाजू वेगळीच आहे. जे झाड कोणीही लावले नाही, ज्याला कोणी पाणी घातले नाही, तरी जे आपणहून उगवले आणि टिकले, ते झाड राईची खरी जमा होय. आणि असे झाड उगवायचे तर त्याचे बी कोणीतरी तेथवर आणून टाकलेले असावे लागते. बी आले कोठून, आणले कोणी, ते केवढे होते आणि पुढे जगले का, या चार प्रश्नांत राईची सगळी परीक्षा आहे.

बियांचा प्रवास

झाडाला पाय नाहीत. त्याचा सारा प्रवास बीजरूपाने होतो. सावरीचे बी कापसाबरोबर उडते. सातविणीच्या बियांना लव असते, ऐन आणि किंजळ यांच्या फळांना पंख असतात. ती वाऱ्यावर जातात. परंतु उष्ण कटिबंधातील दाट जंगलांत वाऱ्यावर विसंबणारी झाडे थोडी. तेथील बहुसंख्य झाडे आपली फळे पशुपक्ष्यांना खाऊ घालतात आणि त्या मोबदल्यात आपले बी दूर पोहोचवून घेतात. काही सदाहरित जंगलांत असे व्यवहार करणाऱ्या झाडाझुडपांचे प्रमाण शेकडा ९० पर्यंतही जाते.

बी दूर का जावे लागते, हेही पाहण्यासारखे आहे. आंब्याच्या किंवा फणसाच्या बुडाशी पावसाळ्यात रोपांची दाटी होते आणि पुढच्या चैत्रापर्यंत त्यांतली बहुतेक नाहीशी झालेली असतात. आईच्या झाडाखाली सावली असते, पण त्याबरोबर त्याच जातीवर जगणारी कीड, बुरशी आणि बी कुरतडणारे उंदीरही तेथेच जमलेले असतात. डॅनियल जॅन्झन यांनी १९७० साली आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ साली स्वतंत्रपणे हा विचार मांडला. जंगलात एकाच जातीचे रान न माजता नाना जातींची झाडे शेजारी शेजारी का नांदतात, याचे एक मोठे कारण त्यात सापडते. लेकराने आईपासून लांब जाऊन संसार मांडावा, हा झाडांचा नियमच आहे.

आता हे वाहतूकदार कोण ते पाहू. बुलबुल, तांबट, साळुंक्या ही लहान मंडळी. उंबर, चांदाडा यांसारखी लहान बियांची फळे ती खातात. हरियाल वडा-पिंपळावर थव्याने उतरतो. फळे खाणारी वटवाघळे रात्री निघतात. पक्ष्याला विसावायला फांदी लागते, त्यामुळे त्याने आणलेले बी बहुधा एखाद्या झाडाखालीच पडते. वटवाघूळ मात्र उडता उडताही विष्ठा टाकते, म्हणून उघड्या माळावर बी पोहोचवण्यात त्याचा वाटा मोठा. उदमांजर, ज्याला पुष्कळ ठिकाणी कांडेचोर म्हणतात, ते भेरली माडाची आणि जांभळाची फळे खाते. कातळावर, पाऊलवाटेवर पडलेल्या त्याच्या विष्ठेत त्या बिया जशाच्या तशा दिसतात. भेकर आणि सांबर आवळ्यासारखी फळे गिळतात आणि रवंथ करताना बिया टाकतात. शेळ्यांच्या गोठ्यात बाभळीच्या बियांचा खच पडतो तो ज्याने पाहिला आहे, त्याला हे निराळे सांगावे लागणार नाही.

या सर्वांत मोठ्या बियांचा भार ज्याच्यावर आहे तो पक्षी म्हणजे धनेश. कोकणात मोठ्या धनेशाला गरुड आणि त्याच्या लहान भावंडाला ककणेर म्हणतात. गरुड उडत आला की पंखांचा आवाज लांबून येतो. बुलबुलाच्या चोचीत न मावणारे रानजायफळ किंवा धुपाचे फळ तो सहज गिळतो, आतला गर पचवतो आणि टणक बी तोंडावाटे बाहेर टाकतो. ते बी शाबूत असते. त्याच्या विणीची तऱ्हा तर सर्वांना ठाऊकच आहे. शिमग्याच्या सुमाराला मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचे तोंड लिंपून बारीक फट ठेवते आणि तीन-चार महिने आतच राहते. नर त्या फटीतून तिला आणि पिलाला भरवतो. या काळात ढोलीखाली बियांचा सडा पडतो. त्या राईतल्या आणि आसपासच्या डोंगरातल्या कोणकोणत्या झाडांना त्या वर्षी फळ धरले, याची ती नोंदच असते.

धनेशाला ढोली कोरता येत नाही. ती आयती लागते, आणि अशी ढोली बेहडा, सातवीण, आंबा यांच्या फार जुन्या, जाड खोडांतच सापडते. म्हणजे मोठे बी पेरणारा पक्षी हवा तर जुने पोकळ झाड हवे. लाकडाच्या व्यापाऱ्याच्या लेखी ज्या झाडाची किंमत शून्य, तेच झाड राईच्या लेखी सर्वांत मोलाचे.

देवरायांचे ऋण

महाराष्ट्रात अडीच हजारांहून अधिक देवरायांची नोंद झाली आहे. डॉ. माधव गाडगीळ आणि पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत सह्याद्रीतील देवराया पायी फिरून पाहिल्या आणि १९७६ साली त्यांवर लेख प्रसिद्ध केला. त्या काळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात गाणी नावाचे गाव आहे. तेथील राई तोडली जाणार असे कळले तेव्हा ग्रामस्थांनी ती वाचवण्यासाठी खटपट केली. त्यांचे म्हणणे साधे होते. गावाचा ओढा त्या राईत उगम पावतो. राई गेली की पाणी जाईल. शास्त्र शिकलेल्यांना जे पुढे आकड्यांनी सिद्ध करावे लागते, ते गावाने अनुभवाने आधीच ओळखले होते.

देवराईचे दुसरे मोल बियांच्या संदर्भात आहे. आसपासचे डोंगर कोळशासाठी, लाकडासाठी आणि राबासाठी वारंवार तुटले. देवीच्या धाकाने राई मात्र उभी राहिली. त्यामुळे रानजायफळ, धूप, सुरंगी, गारंबीची वेल अशा ज्या जाती डोंगरावर दुर्मीळ झाल्या, त्या काही राईंत राहिल्या. राई ही त्या मुलखाची बियाण्याची कणगी होय. कणगीत दाणा असला तर पेरणीची आशा असते. पण कणगीतला दाणा आपोआप शेतात जात नाही. तो नेणारा हवा, आणि शेतानेही तो स्वीकारला पाहिजे.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. राईतले लाकूड घरच्या कामाला नेऊ नये, पण देवाच्या कामाला चालते, अशी सवलत अनेक गावांनी पूर्वापार ठेवली. पूर्वी देऊळ लहान होते. कौल घेऊन एखादे झाड काढले तरी राईला ते जाणवत नसे. आता देवळे मोठी होतात, सभामंडप वाढतात, भोवती फरशी आणि काँक्रीट येते, गाडी देवळाच्या दारापर्यंत जावी असे वाटते. श्रद्धा कमी झाली म्हणून राई गेली, असे सर्वत्र म्हटले जाते. परंतु कित्येक ठिकाणी राई मागे हटली ती श्रद्धेने बांधलेल्या देवळापुढेच. कोणाला दोष देण्यासाठी हे सांगायचे नाही. देवीच्या कामात देवीचेच रान खर्ची पडू नये, एवढ्यासाठी सांगायचे.

इतर ठिकाणचे अनुभव

तुटलेले जंगल पुन्हा भरते का, याचा अभ्यास अनेक देशांत झाला आहे. त्यांतले तीन अनुभव गावाला उपयोगी पडण्यासारखे आहेत.

पहिला मध्य अमेरिकेतील पनामा देशातला. तेथे शेती आणि गुरचरण सोडून दिल्यावर आपोआप वाढलेल्या जंगलाचे निरनिराळ्या वयांचे तुकडे आहेत. काहींचे वय २० वर्षे, काहींचे १०० च्या घरात. त्या तुकड्यांतील झाडांचे बी कोण वाहतो, वटवाघळे, लहान पक्षी, मोठे पक्षी, जमिनीवरचे व झाडावरचे सस्तन प्राणी की वारा, याची मांडणी करून २०२३ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. बियांच्या वाहतुकीचे हे निरनिराळे प्रकार ४० ते ७० वर्षांच्या दरम्यान जुन्या जंगलाच्या पातळीजवळ आले होते. लहान पक्ष्यांचा वाटा आरंभी मोठा होता, तो वयाबरोबर कमी झाला आणि इतरांचा हिस्सा वाढला. अभ्यासकांनी त्याची संभाव्य कारणे दिली ती अशी की जुने जंगल जवळच होते आणि शिकार होत नव्हती. माणसाने रोप लावले नाही. त्याने फक्त आड येण्याचे टाळले.

दुसरा अनुभव कोस्टा रिका या शेजारच्याच देशातला. तेथे केरेन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून थकलेल्या गुरचरणांवर प्रयोग मांडला. काही जागा तशाच सोडल्या, काही पूर्ण रोपांनी भरल्या आणि काही ठिकाणी केवळ बेटांसारखे झाडांचे पुंजके लावले. पुंजक्यांना लागलेली रोपे पूर्ण लागवडीच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढी होती. पंधरा वर्षांच्या अनुभवानंतर दिसून आले की नव्या झाडांचे आपोआप येणे पुंजक्यांतही पूर्ण लागवडीच्या तोडीचे होते, आणि तशाच सोडलेल्या जागेपेक्षा सरस होते. पक्ष्यांना बसायला जागा मिळाली, त्यांनी बी आणले. त्या लागवडीत पांगाऱ्याचा एक भाऊबंद होता, हेही कोकणी माणसाला रुचण्यासारखे आहे. पांगाऱ्याचा खुंट रोवला की तो फुटतो, हे येथे प्रत्येक कुंपणाला ठाऊक आहे. मात्र मोठ्या बियांची, जुन्या जंगलातली झाडे तेथेही मागेच राहिली. हिरवे दिसणे लवकर साधते. मोठे बी उशिरा येते.

तिसरा अनुभव आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडचा, तमिळनाडूतील अन्नामलाई डोंगरातील वालपराईचा. चहाच्या मळ्यांत अडकलेले जंगलाचे मोडके तुकडे तेथे २००० नंतर स्थानिक जातींची रोपे लावून पुन्हा उभे करण्याचे काम सुरू झाले. २०१९ साली त्याचा आढावा निघाला. लागवड केलेले तुकडे, तसेच सोडलेले तुकडे आणि चांगले जंगल यांची तुलना केली तेव्हा लागवडीचा लाभ स्पष्ट दिसला. आणि जे तुकडे मोठ्या जंगलापासून दूर पडले होते तेथे तो विशेष दिसला. दुरून बी येणे कठीण, म्हणून तेथे माणसाच्या हाताची गरज अधिक.

तिन्ही अनुभव एकत्र ठेवले तर बोध सरळ आहे. जुने जंगल जवळ असेल आणि बी आणणारे सुखरूप असतील, तर माणसाने थोडे करावे आणि पुष्कळ सांभाळावे. जंगल लांब असेल तर अधिक लावावे. यांपैकी गावाची परिस्थिती कोणती, हे अंदाजाने ठरवू नये. बियाच ते सांगतात.

राईची वही

त्यासाठी कोणा तज्ज्ञाची वाट पाहायला नको. शाळेतली मुले, गुरव, गुराखी आणि रानातले नाव-गाव जाणणारी वयस्क मंडळी एवढी पुरेत. समितीच्या जमाखर्चाच्या वहीशेजारी राईची एक वही असावी.

तीन जागा निवडाव्या. एक जुन्या राईच्या पोटात, दुसरी लागवड होणाऱ्या कडेच्या जागेत आणि तिसरी पलीकडच्या उघड्या माळावर. प्रत्येक ठिकाणी दहा पावले लांब, दहा पावले रुंद चौकोन खुंट्यांनी आखावा. दिवाळीनंतर, पावसात उगवलेली रोपे स्थिरावली की, त्या चौकोनात कोणीही न लावलेली रोपे मोजावी. रोपाचे गावठी नाव लिहावे, त्याचे बी वाऱ्यावर येते की फळातून ते लिहावे, आणि बी केवढे ते घरच्या मापाने लिहावे. मोहरीएवढे, ज्वारीएवढे, वाटाण्याएवढे की सुपारीएवढे. ज्याचे नाव कळत नाही त्यापुढे तसेच लिहावे आणि पान वहीत दाबून ठेवावे.

त्याच चौकोनांजवळ जुन्या बारीक जाळीचे किंवा पातळ कापडाचे झोळणे चार काठ्यांना हातभर उंचीवर बांधावे. पंधरवड्याने त्यात काय पडले ते पाहावे. डोक्यावरच्या झाडाचे अख्खे फळ पडले असेल तर ते त्या झाडाचे; त्यात नवल नाही. परंतु गर निघून गेलेले स्वच्छ बी सापडले, आणि तसे झाड डोक्यावर नसेल, तर ते कोणीतरी खाऊन आणून टाकले आहे हे उघड आहे. ती खरी देणगी. ढोलीखालच्या बिया मात्र पिलू उडून गेल्यावरच पाहाव्या. मादी आत असताना त्या झाडाखाली गर्दी करू नये, फोटोसाठी तर नाहीच.

दिवाळीला मोजलेली रोपे पुन्हा वैशाखात मोजावी आणि दुसऱ्या वैशाखात पुन्हा. बी आले म्हणजे झाड झाले नव्हे. ते रुजले पाहिजे आणि निदान दोन उन्हाळे काढले पाहिजेत. म्हणून वहीत तीन रकाने असावे. आले, रुजले, टिकले.

आणखी एक सावधगिरी. पक्ष्याने आणले म्हणून ते बी चांगलेच, असे नाही. घाणेरीची फळे बुलबुलच पसरवतात. रानमोडीचे बी वारा आणतो. ही दोन्ही माजली तर इतर रोपांचा श्वास कोंडतो. तेव्हा नुसती संख्या वाढली म्हणून आनंदू नये, नावे वाचावी.

वही काय सांगते

राई भरण्याला एक क्रम आहे. आधी वाऱ्याचे बी येते. मग लहान पक्ष्यांचे. चांदाडा आणि उंबर दिसू लागतात. त्यानंतर जांभूळ, भेरली माड यांसारखी मध्यम बी, जी मोठे पक्षी, वटवाघळे आणि उदमांजरे आणतात. सर्वांत शेवटी रानजायफळ आणि धूप. हा क्रम वर सरकत असेल तर लागवड योग्य मार्गावर आहे असे समजावे, मग रोपांची संख्या कमी का असेना. आणि दहा वर्षे होऊनही वही मोहरी-ज्वारीच्या मापावरच अडून राहिली असेल, तर हिरवळ कितीही दिसली तरी काहीतरी उणे आहे.

काय उणे आहे, तेही वहीवरून कळते. जुन्या राईत मोठ्या बियांचे झाडच उरले नसेल तर आई नाही. अशा जाती जवळच्या दुसऱ्या राईतून बी आणून, रोपे करून लावल्या पाहिजेत, आणि देणगीचा पैसा तेथेच लागावा. झाड आहे, फळही धरते, पण फळे त्याच्याच बुडाशी पडून कुजतात, तर वाहणारा नाही. मग रोपे लावून उपयोग थोडा, शिकार थांबवणे आणि वड, उंबर, पायर यांसारखी धनेशाला नि हरियालाला बोलावणारी झाडे वाढवणे हा उपाय. राईत बी पडते पण कडेच्या जागेत येत नाही, तर मधली वाट तुटली आहे. तेथे पांगाऱ्याचे खुंट आणि उंबराची रोपे यांचे पुंजके लावावे, म्हणजे पक्ष्याला विसावा मिळेल. आणि बी येते, रुजते, पण टिकत नाही, तर दोष वणव्याचा, मोकाट गुरांचा किंवा पायाखाली घट्ट झालेल्या मातीचा. त्यावर कुंपण आणि जाळरेषा हाच उपाय. आणखी हजार रोपे आणणे हा नव्हे.

वैद्याने नाडी न पाहता औषध देऊ नये, तसे वही न पाहता लागवडीवर खर्च करू नये. चार दुखण्यांना एकच औषध, म्हणजे रोपे, असे आजवर पुष्कळ ठिकाणी झाले. पैसे देणाऱ्याची श्रद्धा खरी असते, लावणाऱ्याची मेहनतही खरी असते, आणि तरी जंगल उभे राहत नाही. मग लोक निराश होतात आणि पुढच्या वेळी हात आखडता घेतात. हे टळावे म्हणून हिशेब हवा.

बेहड्याचा प्रश्न

शेवटी एका नाजूक विषयाला हात घालणे भाग आहे. देवळाच्या नव्या आवारभिंतीलगत ढोलीचा जुना बेहडा उभा आहे. तो काढावा की ठेवावा, यावर गावात दोन मते आहेत. काढा म्हणणाऱ्यांची काळजी खोटी नाही. जत्रेला लेकुरवाळ्या बाया त्याच्याखाली बसतात. फांदी कोसळली तर देवळाला नव्हे, गावाला बोल लागेल. माणसाच्या जिवापुढे झाड मोठे नाही, हे कोणीही मान्य करील.

परंतु काढणे आणि सुरक्षित करणे यांत अंतर आहे. मंडपाकडे झुकलेल्या फांद्या जाणकाराला दाखवून, विणीचा काळ सोडून, कौल घेऊन उतरवता येतील. बुंधा आणि ढोली राखता येईल. झाडाभोवती जत्रेपुरते दोर बांधून बसायची जागा दुसरीकडे नेता येईल. बुंध्याभोवती फरशी न घालता माती मोकळी ठेवली तर मुळांनाही श्वास मिळेल आणि पडलेले बी रुजेल. बेहडा तोडून त्याच्या जागी शंभर रोपे लावली, तरी त्या रोपांत ढोली व्हायला कित्येक पिढ्या जातील. तेवढ्या काळात मोठे बी पेरणारा पक्षी दुसऱ्या डोंगराला गेलेला असेल. निर्णय गावाचा आहे आणि देवीसमोर बसून गावाने तो घ्यावा. मात्र तो घेताना त्या झाडाखालच्या बिया एकदा वेचून पाहाव्या, एवढेच मागणे आहे.

बंधुभगिनींनो, देऊळ दोन-तीन वर्षांत उभे राहिले, कारण प्रत्येकाने आपापला वाटा उचलला. राईलाही असेच देणगीदार आहेत. ते रात्री येतात, पहाटे येतात, पावती मागत नाहीत आणि त्यांचे नाव कोणत्या यादीत छापले जात नाही. कातळावर, पानाआड आणि ढोलीखाली ते आपली देणगी ठेवून जातात. ती ओळखण्याची आणि सांभाळण्याची जबाबदारी गावाची आहे.

समितीला एक नम्र सूचना करावीशी वाटते. दरवर्षी वर्धापनदिनाला देवळाचा जमाखर्च वाचून दाखवला जातो. त्याच बैठकीत राईची वहीही वाचली जावी. यंदा न लावता किती झाडे आली, किती रुजली, किती टिकली, आणि सर्वांत मोठे बी केवढे होते. ज्या वर्षी त्या वहीत सुपारीएवढ्या बियांचे, कोणीही न लावलेले, दोन उन्हाळे काढलेले पहिले रोप नोंदले जाईल, त्या वर्षी लागवडीसाठी दिलेला देणगीचा पैसा सार्थकी लागला असे गावाने खुशाल समजावे.

ग्रामदेवता गावाला, गावाच्या लेकरांना आणि राईतल्या जीवमात्राला सुखी ठेवो, एवढी प्रार्थना करून हे भाषण येथे संपते.

इत्यलम्.